न पोचलेली आरोळी

१

शनिवारी दिवेलागणीला पिंपळवंडीच्या रखमाजीनं उसाच्या बांधावर बिबट्या पाहिला आणि वेळ न दवडता आळेफाट्याला फोन लावला. फोनवरची तेजस्विनी म्हणाली, "पाठवते लगेच." तिनं बटण दाबलं, पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'आरोळी गेली' असं उमटलं, आणि दार लावून ती घरी जायला निघाली. तेवढ्यात त्याच उसाच्या दुसऱ्या अंगाला घास कापत बसलेल्या अंबाबाईवर बिबट्यानं झडप घातली. तिच्या कमरेच्या पिशवीत मोबाइल होता. तो वाजला नव्हता. गावात कुणाचाच वाजला नव्हता.

सोमवारी सकाळी इंद्रायणी आळेफाट्याला उतरली, तेव्हा पोपटलालच्या बियाणांच्या दुकानासमोर माणसं जमली होती. वरच्या मजल्यावर पोपटलालच्या मुलाचं, संयमचं ऑफिस. संयमनं पुण्यातली नोकरी सोडून तीन माणसं हाताशी धरली आणि 'आरोळी' नावाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. बिबट्या दिसला की एकानं फोन करायचा, ऑफिसातून बटण दाबायचं, आणि त्या गावातल्या प्रत्येक मोबाइलवर मेसेज जायचा. पूर्वी बांधावरून बांधावर हाक देत, तीच ही आरोळी.

ते सॉफ्टवेअर करायची रीत इंद्रायणीची. ती मूळ घोडेगावची, पुण्यात एका कंपनीत हीच रीत शिकवून पोट भरायची. संयमलाही तिनंच शिकवली. सगळं एकदम करायचं नाही. पंधरा दिवसांची फेरी धरायची, थोडं तयार करायचं, लोकांच्या हातात द्यायचं, ते काय म्हणतात ते ऐकून पुढचं थोडं करायचं. कामं कार्डांवर लिहून भिंतीला टाचायची. रोज सकाळी उभ्यानं बैठक, म्हणजे कुणी लांबण लावत नाही. काम जोडीनं करायचं. आणि काही बिघडलं तर कुणी बिघडवलं ते विचारायचं नाही, कसं बिघडलं ते विचारायचं. हे शेवटचं ती फार ठासून शिकवायची. दुकानासमोरच्या माणसांना मात्र फक्त 'कुणी' एवढंच हवं होतं.

"ह्याच का पुण्याच्या बाई?" रखमाजी पुढे आला. "म्या फोन केला व्हता. पोरगी म्हनली पाठवते. काय पाठवलं तिनं? अंबाबाई दवाखान्यात पडलीय, हात ऱ्हातोय का जातोय सांगता येत न्हाई."

त्याच्या मागे तेजस्विनीचा बाप संपत मान खाली घालून उभा होता. तो फक्त एवढंच बोलला, "उद्या ग्रामसभा हाय. पोरीला गावापुढं उभी करनार हायेत. त्यात ती खोटी ठरली तर तिचं हे कामबिम समदं बंद. पुन्यांदा घराभायेर पाऊल न्हाई."

वर खिडकीत तेजस्विनी उभी होती. काल तिनंच फोन करून इंद्रायणीला बोलावलं होतं. ती फोनवर एकच वाक्य बोलली होती: ताई, मी बटण दाबलं होतं.

२

वर खोलीत एक मोठं यंत्र, तीन टेबलं, आणि कार्डांनी भरलेली भिंत. यंत्राच्या कोपऱ्याला ताजी लिंबू-मिरची लटकत होती. हिरव्या मिरच्या, पिवळंधमक लिंबू.

"हे काय?" इंद्रायणीनं विचारलं.

संयम कसनुसा हसला. "ती आमची खूण आहे, ताई. यंत्राला दोन तऱ्हा आहेत. खरी आणि चाचणीची. चाचणी करताना मेसेज गावात जाऊन उपयोग नाही, म्हणून ते सगळे एका जुन्या मोबाइलवर वळवतो. पडद्यावर दोन्ही वेळा सारखंच दिसतं. तेव्हा आमच्यातल्या भरतनं डोकं लढवलं, चाचणी लावली की यंत्राला लिंबू-मिरची बांधायची, उरकली की काढायची. लांबूनही दिसते."

"म्हणजे आत्ता चाचणी चालू आहे?"

"छे! ही आईनं लावली, काल सकाळी. एवढं आक्रीत घडलं, तिच्या मनात काहीबाही येतं. ही खुणेची नाही."

इंद्रायणीनं भिंतीकडे पाहिलं. अगदी खाली एक कार्ड पिवळं पडून वाकलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'चाचणी चालू असताना पडदा लाल दिसावा.'

"ते दर फेरीला मागे राहतं," संयम म्हणाला. "गावकऱ्यांना दाखवण्यासारखं त्यात काही नाही ना. शिवाय लिंबू-मिरचीनं भागत होतं."

"आणि कुठला मेसेज कुठे गेला याची नोंद?"

"ती पुढच्या फेरीत."

थोडं थोडं द्या म्हणून तिनंच शिकवलं होतं. कुठलं थोडं आधी, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

संयमचं म्हणणं सरळ होतं. रविवारी सकाळी त्यानं रखमाजीसमोर यंत्र चालू केलं, एक मेसेज सोडला, आणि तो पिंपळवंडीत सगळ्यांना पोचला. यंत्र धडधाकट, तऱ्हा खरी. "मग राहिलं काय? घाईत पोरीनं बटण दाबलंच नाही. मी तिला दोष देत नाही, ताई. आपल्यात दोष द्यायचा नाहीच."

कोपऱ्यातून तेजस्विनी फणकारली. "देत नाही म्हणता आणि देता, सर!" मग ती इंद्रायणीकडे वळली. "शनिवारी सकाळी उभ्या बैठकीला आम्ही दोघंच होतो. सरांनी विचारलं, चाचणी? मी यंत्राकडं बघितलं. काही लटकत नव्हतं. म्हणजे खरी तऱ्हा. संध्याकाळी फोन आला, मी बटण दाबलं, हिरवं आलं. अंबाकाकू आमच्या शेजारच्या. त्यांच्या ओसरीत लहानाची मोठी झाले मी. मी मुद्दाम करीन का हे?"

"भरत काय म्हणतो?"

"भरतदादा शनिवारी घोडेगावला गेला होता, तहसील कचेरीत. अंबाकाकू त्याची सख्खी मावशी. तेव्हापासून नारायणगावच्या दवाखान्यातच आहे, कुणाचाच फोन उचलत नाही."

इतक्यात संयमची आई, प्यारीबाई, चहा घेऊन आली. "बाई," ती हळूच म्हणाली, "या पोरीला काही बोलू नका. हे माझ्याच हातून झालंय. शनिवारी मी..."

"आई, पुरे!" संयम ओरडला. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. तुझं नको आता."

प्यारीबाई पदराला डोळे पुसत खाली गेली. तिचं ऐकून घ्यायला हवं होतं, असं इंद्रायणीला नंतर फार वाटलं. पण त्या क्षणी तिला वाटलं, आईचं मन, दुसरं काय.

३

संयमची बायको रीना दुकानामागच्या खोलीत सापडली. सॉफ्टवेअर तपासायचं काम तिचं. ती मोजून मापून बोलायची.

"शुक्रवारी मी आणि भरत जोडीला होतो. सकाळी त्यानं चाचणी लावली, लिंबू-मिरची बांधली. संध्याकाळी लोडशेडिंग सुरू झालं आणि अर्धं काम राहिलं. माझा भाऊ आजारी, मी तशीच मंचरला माहेरी गेले. परत आले रविवारी दुपारी."

"यंत्र कशावर ठेवून गेलात?"

"चाचणीवरच. शेवटची बाहेर पडले ती मीच. लिंबू-मिरची तिथंच होती. अंधार होता, पण लिंबाचा वास येत होता ना."

"आणि उरलेलं काम?"

"भरत म्हणाला, घोडेगावहून आलो की बघतो. त्यानं उरकलं असणार, मी धरून चालले. रविवारी यंत्र खऱ्या तऱ्हेवरच होतं की."

इंद्रायणीनं मनाशी दिवस जुळवले. शुक्रवारी यंत्र चाचणीवर. रविवारी सकाळी खऱ्यावर. यंत्र काही आपणहून तऱ्हा बदलत नाही. मधे कुणाचा तरी हात लागला होता, आणि ज्याचा लागला तो बोलत नव्हता.

"चाचणीचे मेसेज ज्या जुन्या मोबाइलवर जातात, तो कुठाय?"

"सासऱ्यांच्या गल्ल्यापाशी. वर लाइट टिकत नाही, दुकानात इन्व्हर्टर आहे. चार्जिंगला तिथंच असतो कायम."

आपण मघाशी तिथूनच वर गेलो, हे इंद्रायणीला आठवलं. आणि गल्ल्यापाशी काहीतरी लुकलुकत होतं, हेही.

४

पोपटलाल गिऱ्हाइकाला कोबीचं बी दाखवत होता. त्याच्या कोपराशी, वायरीला बांधलेला जुना मोबाइल पडला होता. त्याच्या पडद्यावर इवलंसं पाकीट उघडझाप करत होतं.

"हे कधीपासून?" इंद्रायणीनं विचारलं.

"शनिवारपासनं, बरं का," पोपटलाल म्हणाला. "दिवेलागणीला जे टुकटुक सुरू झालं ते थांबेना. मला वाटलं, वर पोरांचं काहीतरी चाललंय. गिऱ्हाइकाशी बोलू देईना, तेव्हा आवाज बंद केला. पाकीट मात्र नाचतंय तेव्हापासून. मोबाइलच्या पोटात आणखी मावेनासं झालं की ते तसं नाचतं म्हणतात."

इंद्रायणीनं मोबाइल उघडला. पिंपळवंडी, मळ्याच्या उसात बिबट्या, घराबाहेर पडू नका. खाली गेली. पिंपळवंडी, मळ्याच्या उसात बिबट्या. आणखी खाली, तेच, गावातल्या एकेका मोबाइलसाठी एक. अख्ख्या गावासाठी दिलेली हाक मुठीएवढ्या डब्यात कोंडून राहिली होती, आणि तिच्यावर कोबीच्या बियांची धूळ बसत होती.

पोरीनं बटण दाबलं होतं, यात आता शंका राहिली नाही.

तिनं संयमला खाली बोलावून मोबाइल हातात दिला. तो वाचता वाचता खताच्या पोत्यावर बसला.

"वरची किल्ली कुणाकडे असते?" तिनं विचारलं.

"इथं खिळ्याला. कुणीही घेतं. पण ताई, तऱ्हा मी बदलली नाही. शपथ घेतो."

"रात्रीचे फोन तू बघतोस. शनिवारी रात्री वर गेला होतास?"

"गेलो. यंत्र बघितलं, सगळं ठीक दिसलं." तो घुटमळला. "पण आपण असं विचारायचं नाही ना? आपण माणूस शोधत नाही, रीत शोधतो. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं," इंद्रायणी तडकली. "पण माणूस बोलत नाही तोवर गाव त्या पोरीलाच धरून बसणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही कुठली रे रीत?"

भरतला गाठायला ती नारायणगावच्या जीपमध्ये बसली खरी, पण संशयाचा काटा अजून संयमकडेच होता. किल्ली त्याची, यंत्र त्याचं, अब्रूही त्याचीच.

५

दवाखान्यात भरत मावशीच्या उशाशी बसला होता. तीन दिवसांची दाढी वाढलेली, डोळे लाल. अंबाबाई गुंगीत होती. खांद्यापासून बोटांपर्यंत पट्ट्या. शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकानं म्हणाली, "सख्ख्या लेकानंबी येवढं केलं नसतं हो. पानीसुदिक पीत न्हाई."

इंद्रायणीनं त्याला बाहेरच्या बाकावर आणलं.

"शनिवारी कसा कसा आलास, भरत?"

"घोडेगावहून मंचर, मंचरहून येष्टी. गाडीतच मावशीचं कळलं. नारायणगावलाच उतरलो आन् हितं आलो. तवापासून हितंच. आळेफाट्याला पाय ठेवला नाय."

"गावात तेजस्विनीला दोष देतायत. उद्या ग्रामसभेत उभी करणार तिला."

भरत एकदम उसळला. "तिची काय चूक, ताई? यंत्रावर लिंबू-मिरची नव्हती, मग ती खरंच समजणार! कुणीबी तेच समजलं असतं. तिला कशाला छळतायत?"

समोरच्या नळाला थेंब थेंब पाणी गळत होतं. भरतला आपलंच बोलणं ऐकू आल्यासारखं झालं.

"कालपासून त्या यंत्रावर लिंबू-मिरची आहे," ती सावकाश म्हणाली. "संयमच्या आईनं लावलेली. आज मी डोळ्यांनी पाहिली. तू शुक्रवारी निघालास तेव्हाही होती, तूच बांधलेली. नव्हती ती फक्त शनिवारी. त्या दिवशी तू घोडेगावला. कुणाचा फोन तू उचललेला नाहीस. मग शनिवारी ती तिथं नव्हती, हे तुला कुणी सांगितलं?"

भरतनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मला मावशीचं फाट्यावर कळलं," तो हातांआडून बोलला. "जीव राहिना. आरोळी गेली का नाय बघायला वर पळालो. किल्ली घेतली. यंत्र बघतो तर चाचणीवर! मी लावलेली. आन् लिंबू-मिरची गायब. मी बांधली व्हती, ताई, ह्या हातानं बांधली व्हती! पर कुनी खरं मानलं असतं? माझीच मावशी, माझाच हात. तसाच स्विच खऱ्यावर फिरवला. वाटलं, कुनाला कळायचं नाय. मग तेजूचं नाव पुढं आलं आन् मला सांगायची हिंमत झाली नाय. मावशी शुद्धीवर आली की माझाच हात धरती. म्हनती, तू हायेस म्हून बरं वाटतं."

तो पोरासारखा रडला. इंद्रायणीला त्याचा राग आला होता, आणि रागाच्या खाली दयाही आली. खोटं बोलताना तो पक्का होता. पकडला गेला तो त्या पोरीची बाजू घेताना.

"उद्या हे गावापुढे बोलशील?"

त्यानं मान डोलावली. मग डोळे पुसत विचारलं, "पर ताई, ती लिंबू-मिरची गेली कुठं?"

६

उत्तर इंद्रायणीला परतीच्या जीपमध्येच सापडलं, आणि सापडलं तेव्हा ते सापडलं नसतं तर बरं, असं वाटलं. ती उतरली ती तडक प्यारीबाईच्या स्वयंपाकघरात गेली.

"सकाळी तुम्ही काहीतरी सांगत होता. शनिवारी तुम्ही काय केलंत?"

प्यारीबाईनं दाराकडे पाहिलं. मुलगा नाही अशी खात्री करून ती बोलली. "शनिवारी दुकानांची लिंबू-मिरची बदलतात, बाई. बदलणारा येतो, जुनी घेऊन जातो, नवी देतो. त्या दिवशी सकाळी, पोरं यायच्या आधी, मी वर केर काढायला गेले. बघते तर यंत्रावर सुकत चाललेली लिंबू-मिरची. शनिवारी जुनी ठेवू नये. काढली आणि त्याला देऊन टाकली. त्याच्याकडे दुकानापुरतीच नवी होती. म्हटलं, पुढच्या शनिवारी लावू. आणि संध्याकाळीच हे असं झालं! नवी न लावता जुनी काढली, म्हणून झालं. रविवारी उठल्या उठल्या नवी लावली, पण उशीर झाला. हे सगळे मला हसतात."

पोरांनी खूण म्हणून जी वस्तू निवडली, ती या घरात आधीपासूनच कुणाच्या तरी कामाची होती. प्यारीबाईला कुणी खुणेचं सांगितलं नव्हतं, कारण तिचं ऑफिसात काम नव्हतं. कावळा बसला होता आणि या वेळी फांदी खरोखर त्याच्यामुळेच मोडली होती. इंद्रायणीनं तिचा हात हातात घेतला, पण हे प्यारीबाईला सांगायचं धाडस तिला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर गाव जमलं. इंद्रायणीनं जुना मोबाइल रखमाजीच्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला लावलं. तो वाचत गेला, तसतशी माणसं गप्प होत गेली. मग भरत उभा राहिला आणि आपण काय केलं, काय लपवलं, ते सगळं बोलला. मागून कुणीतरी शिवी हासडली. संपत लेकीकडे न बघता तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"ते समदं बराबर," रखमाजी म्हणाला. "पर मंग ती लिंबू-मिरची काढली कुनी? ते सांगा की."

इंद्रायणीनं संयमकडे पाहिलं. त्याला रात्रीच तिनं सांगितलं होतं. तो उठला. "लिंबू-मिरचीचं सोडा. दोष माझा. चाचणी चालू असताना पडदा लाल दिसावा, हे काम माझ्या भिंतीवर महिनोन् महिने पडून होतं. ते दिसण्यासारखं नव्हतं म्हणून मी मागे ठेवलं. ते केलं असतं तर..."

"मी काढली."

मागच्या रांगेतून प्यारीबाई उठली होती. तिला इथं कुणी बोलावलं नव्हतं, नवऱ्याबरोबर ती आपली आली होती. तिथं बसून तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तिचं तिनंच जोडलं होतं. "ती मी काढली. मी सांगत होते, माझ्या हातून झालं. कुणी ऐकेना." ती मुलाकडे वळली. "म्हणजे खरंच माझ्याच हातून झालं ना रे?"

रखमाजीनं मोबाइल खाली ठेवला. अख्ख्या सभेत त्या बाईला बोल लावायला कुणाची जीभ उचलली नाही, आणि 'नाही' म्हणायलाही कुणी पुढे आलं नाही. शेवटी तेजस्विनी बापाजवळून निघाली, माणसांतून वाट काढत मागे गेली आणि प्यारीबाईला धरून खाली बसवलं. स्वतः तिच्याशेजारी बसली.

अंबाबाईचा हात वाचला, पण बोटं पुन्हा मिटली नाहीत. भरत तिला हे सगळं सांगायला गेला, तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "पानी दे."

बुधवारी संयमनं भिंतीवरचं खालचं पिवळं कार्ड काढलं आणि सगळ्यांत वर टाचलं. कुणी करायचं, त्यानं विचारलं. भरत मान वर करत नव्हता. तेजस्विनीनं खुर्ची ओढली आणि शेजारची दुसरी खुर्ची पायानं पुढे सरकवली. "ये, दादा. जोडीनं करायचं असतं."

इंद्रायणी पुण्याच्या गाडीची वाट बघत तिथंच बसली होती. दोघं फारसं बोलत नव्हती, फक्त कळा वाजत होत्या. जेवणाची वेळ झाली तेव्हा तेजस्विनीनं चाचणीचा स्विच टाकला, आणि पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत लालभडक झाला. महिनोन् महिने मागे राहिलेलं काम एका सकाळीत झालं होतं. ते बघून कुणालाच आनंद झाला नाही.

दारात प्यारीबाई केरसुणी घेऊन उभी होती. यंत्रावरच्या लिंबू-मिरचीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "आता ही काढली तर चालेल का?"

"चालेल, काकू," तेजस्विनी म्हणाली.

पण प्यारीबाई पुढे आली नाही. यंत्राला वळसा घालून तिनं बाकीचा केर काढला आणि खाली गेली.